कोल्हापूरचा प्रश्न

रविवार, १८ जानेवारी २००४. नोएडा, सेक्टरच्या सामुदायिक केंद्राचा हॉल, सकाळची वेळ. हजर: मंडळाचे अध्यक्ष देवधर, खजिनदार शेख, कार्यकारिणीतले बाकी सगळे, परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे पालक, तुमच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, सुहास आणि मी. केतकी उशिरा आली. फरीदाबादची मंडळी धुक्यात अडकली. गैरहजर: तुम्ही. मी कार्यवाह झाल्यापासून तुमच्याशिवाय झालेली ही पहिली सभा, आणि वेळेवर सुरू झालेलीही पहिलीच.

भाऊजी, देवधरांनी मला मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. "तुम्ही घरातल्या आहात, जिव्हाळ्यानं लिहा," म्हणाले. तुमचा जन्म, शिक्षण, गाझियाबादच्या कारखान्यातली नोकरी, हे सगळं त्यांनी सभेत वाचून दाखवलं, त्यामुळे मी ते सोडून देते. मी तुमच्या धाकट्या भावाची, सुहासची बायको, तुमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणारी, मंडळाची कार्यवाह आणि तुमच्या प्रश्नपत्रिका टाइप करणारी. या सगळ्या नात्यांनी माझं तुमच्याशी भांडण होतं. ते अर्धवट राहिलं आहे. तुम्ही गेलात एवढ्यावर मी ते मिटलं असं धरणार नाही.

सभेत तुम्हाला कोणी दीपस्तंभ म्हणालं, कोणी वटवृक्ष. तुम्ही असतात तर प्रत्येकाला व्याकरणाची एक तरी चूक दाखवली असती. शेख तेवढे सरळ बोलले. "साहेबांनी माझ्या दोन्ही पोरांकडून महाराष्ट्र तोंडपाठ करून घेतला," ते म्हणाले, "आणि दोन्ही पोरं साहेबांना जाम घाबरायची." लोकांना वाटलं ते गमतीनं बोलताहेत. मला तसं वाटलं नाही.

'महाराष्ट्र ज्ञान परीक्षा' ही तुमची कल्पना. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांना आपल्या राज्याचा भूगोल, उद्योग आणि इतिहास माहीत असला पाहिजे, त्यासाठी दर फेब्रुवारीत लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्या मुलांची त्याच दिवशी सगळ्यांसमोर तोंडी फेरी, आणि एक मेला बक्षिसं. कळसूबाई किती उंच, भीमा कुठे उगम पावते, बल्लारपूरला काय बनतं, चंद्रपूरच्या जमिनीखाली काय आहे. कारखान्यानं तुम्हाला मुदतीआधी निवृत्ती घ्यायला लावली तेव्हा नोएडात आमच्या सेक्टरात रोज एक नवीन घर उभं राहत होतं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं बूथ आलं होतं, शेजारचे सरदारजी गाडी घेत होते, बाजारात दर आठवड्याला काहीतरी नवीन मिळत होतं. सगळे पुढे पळत होते आणि तुम्ही आमच्या गॅरेजमध्ये बसून प्लायवूडचा महाराष्ट्र कापत होतात. आमच्या, म्हणजे ज्यात सुहासची गाडी ठेवायची होती त्या गॅरेजमध्ये. गाडी तेव्हापासून बाहेरच आहे.

तुमच्यामाझ्यातला वाद मात्र परीक्षेच्याही आधीचा. मी नागपूरची. लग्न होऊन आले त्या दिवशीच तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात, "काय गं, तुमच्याकडे 'जेवण करून राहिले' असं म्हणतात ना?" मी म्हटलं, "म्हणतात. पण जेवण पोटभर असतं." सुहास हसला, वहिनी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तिथून सुरुवात झाली. तुम्ही म्हणायचात नागपूर उपराजधानी, विधानसभा थंडीत संत्री खायला तिकडे जाते. मी म्हणायची, तुमचं पुणं कधी कशाची राजधानी होतं ते पेशव्यांबरोबर संपलं, आमचं नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं ते माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय. हे वाद चालायचे ते दोघांनाही आवडायचे. एवढं मी मान्य करते. तुमच्याएवढा तयारीचा माणूस भांडायला मिळणं सोपं नसतं.

तुम्हाला मूल नव्हतं. आमची केतकी तुमच्याच पायाशी रांगायला शिकली. चालायला लागल्यावर ती जिना उतरून गॅरेजमध्ये यायची आणि तुम्ही तिचं बोट धरून ते प्लायवूडवरून फिरवायचात. "ही कोण?" "गोदावरी." "कुठे चालली?" "आंध्रात." "का गं?" "तिचं घर तिकडे आहे." शाळेत जायच्या आधी तिला महाराष्ट्राची आकृती न बघता काढता यायची. तिच्या पुण्याच्या मावसभावांना ती यायची नाही. ते 'दिल्लीवाली' म्हणून चिडवायचे, तेव्हा तिनं त्यांना खडकवासल्याचं धरण कोणत्या नदीवर आहे ते विचारून गप्प केलं होतं. हे तुमचं काम. ते मी नाकारत नाही.

आणि तेच तुम्ही एका सकाळी धुऊन टाकलंत.

केतकी नऊ वर्षांची होती. पहिल्यांदाच तोंडी फेरीत पोचली होती. हॉल भरलेला. तुम्ही माइकसमोर, मी टेबलावर गुणांचा तक्ता घेऊन. तिची पाळी आली. तुम्ही विचारलंत, "कोल्हापूर जिल्ह्यात सहकारातून कोणता मोठा उद्योग उभा राहिला?" तिला ते येत होतं. आदल्या दिवशीच तुमच्याकडून ऊस, गळीत हंगाम, मळी, सगळं ऐकून आली होती. पण शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, खालचा किराणावाला हिंदी. घाईत जो शब्द जिभेवर आला तो तिनं दिला. मोठ्यानं, खुशीनं:

"चिनीचा!"

हॉलमध्ये हसू उसळलं. तुम्ही थांबवू शकला असतात. तुमच्या हातात माइक होता. तुम्ही त्यात तोंड घालून म्हणालात, "चिनीचा? म्हणजे चीनमधली माणसं येऊन चालवतात काय तो? बाळ, मग कोल्हापूरला जायला आपल्याला पासपोर्ट लागेल!"

आता हसण्याला सीमाच राहिली नाही. केतकी गोंधळली. तिला वाटलं उत्तर अपुरं पडलं. ती म्हणाली, "काका, ती... गन्ने से बनती है ना, ती." पुन्हा हसू. तिचे कान लाल झालेले मला टेबलावरून दिसत होते.

मी उभी राहिले. म्हटलं, "उत्तर बरोबर आहे. शब्द हिंदी आहे, उत्तर बरोबर आहे."

"कार्यवाहबाई, बसा खाली," तुम्ही माइकवरून म्हणालात. "नियम सात. हिंदी शब्दास गुण नाही. शून्य. पुढचा स्पर्धक."

घरी मी तुम्हाला जाब विचारला तेव्हा तुम्ही चहा पीत होतात. म्हणालात, "घरची पोर म्हणून सूट दिली असं उद्या कोणी म्हणायला नको." मी म्हटलं, "सूट देऊ नका. पण पासपोर्ट कशाला काढलात?" त्यावर तुम्ही विषय बदललात. वहिनींना विचारलंत, "साखर कमी आहे. डबा कुठंय?"

केतकी दारात उभी होती. ती म्हणाली, "चीनी वहाँ है, ताऊजी. ऊपरवाले शेल्फ पर."

ताऊजी. त्या क्षणी तुमच्यातला काका संपला. आपल्याकडे बापाचा भाऊ मोठा असो की धाकटा, काकाच. हिंदीत मोठ्याला वेगळा शब्द आहे, आणि तो तिनं असा काढला की जणू खिशात तयारच ठेवला होता. तुम्ही आधी हसलात. मग रागावलात. "घरात ताऊजी म्हणायचं नाही." ती शांतपणे म्हणाली, "तो आप मत सुनिए, ताऊजी."

मला वाटलं आठवड्याभरात विसरेल. ती विसरली नाही. माझ्याशी, सुहासशी मराठी बोलायची, वहिनींशीही. तुम्ही खोलीत आलात की हिंदी. जिन्यातलं तुमचं बोलणं मला वर स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तुम्ही खालून, "केतकी, आई आहे का गं वर?" ती वरून, "हाँ ताऊजी, हैं, रोटी बना रही हैं." "पोळी म्हणतात." "जी. रोटी बना रही हैं." तुम्ही मराठीतच विचारत राहिलात, ती हिंदीतच उत्तर देत राहिली. तिनं शाळेत हिंदी वक्तृत्वाचं बक्षीस आणलं आणि मुद्दाम तुमच्या टेबलावर, तुमच्या शब्दकोशाच्या शेजारी ठेवलं. तुम्ही ते उचललं नाहीत. हलवलंही नाहीत. धूळ वहिनींनी पुसली.

हळूहळू तिचं मराठी आमच्याशीही कमी झालं. ज्या शब्दाची तिला खात्री नसायची तो ती उच्चारायचीच नाही, हिंदीतला घ्यायची. चुकून कोणी हसेल याची तिला धास्ती बसली होती. आता वीस वर्षांची झाली तरी पुण्याला फोनवर बोलताना ती वाक्य सुरू करून मध्येच थांबते आणि फोन माझ्या हातात देते. भाऊजी, हे तुमच्या परीक्षेचं फळ. मराठी टिकावी म्हणून तुम्ही जे काढलंत, त्यानं आमच्या घरातलं एक मराठी बोलणारं तोंड बंद केलं. हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "शब्द सोडला की हळूहळू सगळंच सुटतं." मी म्हणायची, "आणि पोर सुटली त्याचं काय?" इथेच आपलं बोलणं प्रत्येक वेळी थांबायचं.

नियमांचे तुम्ही एवढे पक्के होतात असंही नाही. सरकारनं अकोल्यातून वाशीम काढला, धुळ्यातून नंदुरबार, पुढे परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. मी दरवेळी कात्रण आणून तुमच्या टेबलावर ठेवलं. तुमच्या उत्तरपत्रिकेत जिल्ह्यांचा जुनाच आकडा. "सरकारला काय, कागदावर रेघ ओढायची आहे," तुम्ही म्हणालात. "मला प्लायवूड कापायला लागतं." एका वर्षी एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलानं नवीन आकडा लिहिला आणि तुम्ही त्याला चूक दिलीत. वडील हॉलमध्ये येऊन उभे राहिले, गाडी बाहेर, ड्रायव्हर दारात. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "सवलतीचा गुण देऊ." सवलत तुमच्याकडे होती म्हणजे. फक्त घरच्यांसाठी नव्हती.

आणि तुमचं स्वतःचं मराठी? एकदा जिन्यातून मला म्हणालात, "बाजारात चाललीस तर मटर आण." मी म्हटलं, "मटार, भाऊजी. नियम सात. शून्य." तुम्ही एक क्षणही न थांबता म्हणालात, "मटार मुंबईला मिळतो. दिल्लीचा हा गोड असतो, हा मटरच." हजरजबाबीपणात तुमचा हात धरणारा कोणी नव्हता. मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. नऊ वर्षांच्या मुलीकडे असं उत्तर नसतं, भाऊजी. तिच्याकडे फक्त लाल झालेले कान असतात.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, पण लपवण्यासारखीही नाही. तुमच्या प्रश्नपत्रिका मीच टाइप करत होते. केतकीच्या त्या वर्षानंतर तुमच्या पत्रिकेत कोल्हापूर आलं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं राहून गेलं असेल. दुसऱ्या वर्षी मी बघितलं. नाशिकची द्राक्षं होती, जळगावची केळी, सोलापूरच्या चादरी, भंडाऱ्याचं मँगनीज. कोल्हापूर नाही. पन्हाळा नाही, राधानगरी नाही, चपला नाहीत, गूळ नाही. इचलकरंजीचे माग नाहीत, कारण इचलकरंजी त्याच जिल्ह्यात. अख्खा जिल्हा तुम्ही परीक्षेतून काढून टाकलात. शेख एकदा म्हणाले, "साहेब, माझी सासुरवाडी कोल्हापूरची आहे, ती महाराष्ट्रातून गेली का?" तुम्ही म्हणालात, "जागा पुरली नाही." जागा दरवर्षी पुरली नाही.

परवा वहिनी मला हळूच म्हणाल्या, "त्यांनी कोल्हापूर मुद्दाम घालायचं सोडलं होतं गं. केतकीमुळे." मी म्हटलं, "ठाऊक आहे, वहिनी. मीच टाइप करते." त्यांना वाटलं मी विरघळेन. मी हे माफी म्हणून धरत नाही. माफी ज्याची मागायची त्याच्याकडे मागतात. तुम्ही ती एका जिल्ह्याकडे मागितलीत. केतकी वरच्या मजल्यावर होती. जिना चढायला तुम्हाला काही होत नव्हतं.

तुमचं मला मिळालेलं देणंही सांगून टाकते, कारण हिशेब एकतर्फी ठेवणं मला पटत नाही. मी ज्या कपड्याच्या निर्यात कंपनीत प्रशासन बघते, तिथे एकदा भिवंडीचा एक व्यापारी आला. आमचे साहेब त्याला इंग्रजीत ऐकवत होते. मी मध्येच मराठीत भिवंडीचे माग, मालेगावचे माग, दोघांच्या कापडातला फरक, असं बोलू लागले. तो खुर्चीत सरसावून बसला. "बाई, तुम्ही भिवंडीच्या का?" म्हटलं, "नाही, मी प्रश्नपत्रिका टाइप करते." त्यानं माल वेळेवर दिला. घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही खूश झालात ते मला दिसलं, आणि लगेच म्हणालात, "मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे हे सांगितलंस ना त्याला?"

तुम्ही हॉस्पिटलमध्ये गेलात तेव्हा कोणी कधी थांबायचं याचा तक्ता मी केला. सकाळी वहिनी, संध्याकाळी सुहास, मधली वेळ मी सुट्टी काढून भरणार होते. कॉलेजातून आल्यावर केतकीनं तक्ता बघितला, माझं नाव खोडलं आणि स्वतःचं लिहिलं.

एका दुपारी मी तुमच्यासाठी मऊ भात घेऊन आले. दार अर्धवट उघडं होतं, आणि आत तुमचं बोलणं चाललेलं होतं, म्हणून मी डबा घेऊन बाहेरच थांबले. बाहेर सूर्य नव्हता, खिडकीवर नुसतं पांढरं धुकं. तुम्ही घरून आणलेल्या जाड पांघरुणाकडे हात करत होतात. दम लागत होता.

"ती रजई दे गं," तुम्ही म्हणालात.

केतकी उठली नाही. म्हणाली, "रजई?"

"थंडी वाजतेय."

"रजई हिंदी आहे. पांघरूण म्हणा. रजईला शून्य गुण."

मराठीत. तुमच्याशी. मी दाराबाहेर डबा दोन्ही हातांनी धरून उभी होते. मला वाटलं, आता. आता तरी तुम्ही म्हणाल. एवढी मोठी वाट तिनं करून दिली होती, तुम्हाला फक्त पाय टाकायचा होता.

तुम्ही डोळे मिटलेत, दम गोळा केलात आणि म्हणालात, "पांघरूण काहीही असतं. चादरसुद्धा पांघरूण. हिला... दुलई म्हणतात."

"दुलई," ती म्हणाली.

"हं."

तिनं ती तुमच्या गळ्यापर्यंत ओढली, पायाकडून खोचली. बस. तेवढंच. त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

भाऊजी, मी तेव्हा आत येऊन तुम्हाला ओरडायला हवं होतं की काय, मला कळत नाही. तुम्ही मरणाच्या दारातसुद्धा तिला पूर्ण गुण दिले नाहीत. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली होते. तिनं माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाली, "आई, दुलई मला माहीतच नव्हता शब्द. छान आहे ना?" मी तिला काय सांगणार? छान आहे. माझ्या आईच्या घरी सगळे दुलईच म्हणायचे. दिल्लीत येऊन मी रजई म्हणायला लागले, आणि तो शब्द मी तिला कधी दिला नाही. तिला तो तुमच्याकडून मिळाला. याचाही मला राग आहे.

आता सभेचं. देवधरांनी ठराव मांडला की परीक्षेला तुमचं नाव द्यावं. सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही. देवधर म्हणाले, "बाई, शोकसभेत विरोध नोंदवायची पद्धत नाही." मी म्हटलं, "नोंदवायचं काम माझंच आहे, मी नोंदवते." सुहास माझ्याकडे बघेना. वहिनींनी मात्र माझा हात दाबला. ठराव मंजूर झाला. नाव लागेल. तुम्ही जिंकलात.

मग प्रश्न आला की परीक्षा दोन आठवड्यांवर आली, तोंडी फेरीत तुमच्या जागी माइकवर कोण. तेवढ्यात केतकी आली. मफलर सोडवत दारातच उभी. देवधर म्हणाले, "ही बघा. काकांचीच पुतणी. केतकी, तू घेशील का?" मला वाटलं ती हिंदीत नाही म्हणेल आणि मी तिच्या बाजूनं उभी राहीन. मी तयार होते.

ती म्हणाली, "मी विचारेन प्रश्न. पण माझी एक शर्त आहे."

"अट गं," वहिनी हळू म्हणाल्या. पांढऱ्या साडीत, पहिल्या रांगेत.

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

केतकीचे कान लाल झाले. तेच कान. पण ती थांबली नाही. "अट. थँक यू, काकू. आणि अट हीच आहे. जो हसेल त्याचा एक गुण कमी. आईवडील हसले तर त्यांच्या मुलाचा." मग तिनं मागच्या रांगेत बघितलं आणि विचारलं, "आत्ता कोण हसलं? तुमचं मूल बसतंय का परीक्षेला?"

शेख खाली बघत म्हणाले, "धाकटी बसतेय. आजपासून बाप गप्प." या वेळी सगळे हसले, आणि तीही.

घरी येताना मी गाडीत तिला विचारलं, नियम सातचं काय करायचं? इतकी वर्षं मी तो खोडायला टपले होते. आता तुम्ही नाही, खोडणं माझ्या हातात आहे. ती म्हणाली, "राहू दे ना. हिंदी शब्द आला तर मराठी शब्द सांगायचा, मुलानं तो म्हटला की अर्धा गुण." मी म्हटलं, "अर्धाच?" म्हणाली, "आई, मला दुलई फुकट मिळाली असती तर लक्षात राहिली नसती." हे तुमचं बोलणं झालं. तुमच्याच आवाजात.

उतरताना ती म्हणाली, "आणि कोल्हापूरचा प्रश्न घाल. पहिलाच. मी विचारणार."

तर कामं अशी झाली आहेत. हॉलचं बुकिंग झालं, माइकवाल्याला सांगितलं, बक्षिसांची पुस्तकं पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या बाईंकडून येतील. तुमच्या प्लायवूडच्या नकाशावर सुहासनं चारही नवीन जिल्ह्यांच्या रेघा रंगानं काढल्या, कापलं काही नाही. गॅरेजमध्ये गाडी अजूनही आलेली नाही. नियम सात दुरुस्त झाला, त्याखाली आठवा आला, हसणाऱ्यांचा. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर तुमचं नाव टाइप केलं. मीच केलं, बोटं चुकली नाहीत.

त्याखाली दुसऱ्या प्रश्नापासून शेवटपर्यंत सगळं लिहून झालं आहे. पहिल्याची जागा सोडली आहे. तुमचेच शब्द घ्यायचे की माझे, हे मला ठरवता येत नाही. तुमचे घेतले की तो हॉल ऐकू येतो. माझे घेतले तर केतकी ज्या प्रश्नापाशी अडकली होती तो हा राहत नाही. पत्रिका मंगळवारी छापायला जायची आहे. कोल्हापूरचा प्रश्न लिहायचा राहिला आहे.